दिव्यांचा आहेर

पुंजारामभाऊ माणसांना नावानं क्वचितच ओळखत. "तो हिरवा टेम्पो, डावा दिवा जमिनीकडं पाहते तो," असं ते सांगत आणि वहिनींना बरोबर कळे. रस्त्यानं गाडी गेली की चालक कोण आहे हे ते बघत नसत. दिवे बघत. एखाद्या गाडीचा उजवा दिवा जरा वर उठलेला असला तर जेवता जेवता हात थांबे. "याले कोणी सांगत काऊन नाई," असं पुटपुटत आणि मग पुढचा घास घेत.

आदिलाबादजवळच्या मावल्यात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होते. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते, अजूनही शिकवते. दरवर्षी वर्गातली मुलं कमी होत जातात, ती गोष्ट वेगळी. पुढच्या बाजूला, रस्त्याला लागून, भाऊंचं गाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, लाकडी फळी, फळीवर होल्डर, फ्यूज, वायरीची भेंडोळी. शाळेतून आले की दुकानातूनच आत जावं लागे, त्यामुळे त्यांचं गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं रोज कानावर पडायचं. ते मला आठवतं आहे तसं लिहून ठेवावं, एवढाच हेतू आहे. ते गेल्यापासून वहिनी त्यांच्याविषयी बोलत नाहीत, आणि दुकानाची फळी उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली आहे.

भाऊंकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला एकच वस्तू हवी असे.

"काका, मोठ्यात मोठा बल्ब द्या."

"किती मोठा?"

"शंभर वॅट. असंन तं एकशेतीस."

"वॅट म्हंजे काय, सांग बरं."

"उजेड."

"नाई ना बाप्पा. वॅट म्हंजे खाणं. तो दिवा तुह्या ब्याटरीतून किती खाते, ते त्याच्यावर लिहेल असते. देते किती, ते वेगळं. माहा एक साडू हाये. पंगतीत बसला का वाढणारा थकते. पण मांडवाचा एक बांबू उचलला नाई त्यानं आजवर."

आतून वहिनींचा आवाज येई, "माह्या बहिणीच्या घरच्याले काऊन मधात आणता गिऱ्हाइकासमोर?"

"नाव नाई घेतलं मी."

"साऱ्या मावल्याले मालूम हाये कोणता साडू तो!"

गिऱ्हाईक हसे, आणि भाऊ आपलं पुढे चालू ठेवत. कंपनीनं बसवलेला साठ वॅटचा दिवा, काच स्वच्छ असली, आतला आरसा काळवंडलेला नसला आणि तारेतून पूर्ण वीज पोचत असली, तर रस्त्याला पुरतो. नवा एलईडी विसातच तेवढं काम करतो. गाडीतली मूळची तार बारीक असते. तिच्यावर शंभराचा दिवा लावला की तार तापते, स्टिअरिंगच्या दांडीजवळचं बटण वितळतं. चालू गाडीची तार ते चिमटीत धरायला लावत. "गरम लागली? म्हंजे तुहा उजेड वायरीतच जिरून राह्यला. रस्त्यावर काय जाईन?"

पोरगं सगळं ऐकून घेई, मान डोलवी आणि म्हणे, "बरोबर हाये काका. पण शंभरचेच द्या."

आणि भाऊ शंभरचेच देत.

मी एकदा म्हटलं होतं, "एवढं समजावता आणि शेवटी तेच देता?"

"बाई, तुमची शाळा हाये. माहं दुकान हाये," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लाज नव्हती, गंमतही नव्हती. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं सांगितलं.

मात्र एक अट ते सोडत नसत. दुकानासमोरच्या कुंपणाच्या भिंतीवर त्यांनी खडूनं आडवी रेघ मारलेली होती. दिवे बसवलेली प्रत्येक गाडी ठरावीक अंतरावर उभी करून त्या भिंतीवर तिचा खालचा झोत पाडायचा. उजेडाची वरची कड रेघेच्या खाली राहिली पाहिजे. राहीपर्यंत ते पेचकस घेऊन गाडीपुढे उकिडवे बसत. "समोरून येते तोही कोणाचा तरी हाये," असं म्हणत. पोरं कंटाळत. गल्लीच्या टोकाला गेल्यावर काही जण पुन्हा दिवा वर करून घेत असणार, हे भाऊंना ठाऊक होतं. पण आपल्या भिंतीसमोरून गाडी रेघेखाली गेली, यात त्यांचं समाधान होई.

आमच्या भागात भाजी पिकवणाऱ्या घरांत नवी गाडी आली की तिला लग्नघरासारखा आहेर होतो. आरशाला टॉवेल-टोपी बांधतात, चाकाखाली लिंबू, नारळ, आणि मामाकडून काहीतरी ठळक. कुणाचा मामा सीटची कव्हरं देतो, कुणाचा गाण्यांचा डबा. भाऊंना तीन बहिणी, तिन्ही इंद्रवेल्लीच्या बाजूला भाजीवाल्यांच्या घरांत दिलेल्या. मामाचं दुकान दिव्यांचं, म्हणून भाच्यांच्या गाड्यांना मामाकडचे दिवे, असं ठरूनच गेलं होतं.

थोरलीच्या मुलानं पहिला पिकअप घेतला तेव्हा भाऊंनी त्याला शंभरचे बल्ब दिले. जाड तार, बटणावर भार येऊ नये म्हणून रिले, सगळं नीट करून. पुढच्या वर्षी मधलीच्या मुलानं गाडी घेतली. तोपर्यंत भाऊंचं मन बदललं होतं. त्यांनी त्याला साठचेच, पण उत्तम प्रतीचे दिले. मधली बहीण दुसऱ्याच दिवशी बसनं आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं,

"दादा, थोरलीच्या पोराले शंभर अन् माह्या पोराले साठ काऊन?"

"अवं, हे जास्त चांगले हायेत. वॅट म्हंजे खाणं असते…"

"मंग माह्या पोराच्या गाडीनं खाल्लेलं तुले जड होते का?"

वहिनी पाणी घेऊन आल्या.

"माह्या सासरचे म्हनून राह्यले, भावानं हात आखडला. मी काय सांगू त्याइले? वॅट सांगू?"

त्या दिवशी मधली परत गेली ती एकशेतीसचे बल्ब घेऊन. महिनाभरात थोरलीचा मुलगा आला. मामांकडून काही मागायला आलो नाही, सहज आलो, असं दोनदा म्हणाला, आणि जाताना त्याच्या बंपरवर दोन गोल फोकस लागलेले होते. भाऊ रात्री जेवताना हसून वहिनींना म्हणाले, "आता सांग, कोणती बहीण जास्त लाडाची? एकशेतीसवाली का फोकसवाली?" आम्ही सगळेच हसलो होतो. नितीन तर ताटावरून उठून हसला होता.

नितीन त्यांचा मुलगा. एकुलता. इंद्रवेल्लीला एका औषधाच्या दुकानात कामाला होता, रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन. वडिलांची थट्टा करणं हा त्याचा नित्यनेम. "बाबा, माह्या गाडीचा दिवा आज उपाशी हाये, काईतरी चारा त्याले." त्याची मोटारसायकल मात्र भाऊंनी भिंतीसमोर इतक्या वेळा उभी केली होती की ती डोळे मिटून रेघेखाली गेली असती. समोरून कुणी झगझगीत दिवे लावून आला तर काय करायचं, हेही त्याला शिकवून ठेवलेलं होतं. आपला दिवा खाली करायचा, त्याच्या दिव्यात बघायचं नाही, वेग कमी करायचा आणि डाव्या कडेला घ्यायचं.

त्यानं तेच केलं. इंद्रवेल्लीच्या बाजारचा दिवस होता, दिवेलागण झालेली. शेतातून घरी चाललेल्या एका गोंड म्हाताऱ्यानं लांबून पाहिलं आणि नंतर भाऊंना सांगितलं. समोरून खूप दिव्यांची गाडी आली. पोरानं आपला दिवा खाली केला, गाडी हळू केली, बाजूला घेतली. बाजूला कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना चमकती पट्टी. पोरगं तिच्यावर आदळलं. दिव्यांची गाडी थांबली नाही. तिला कळलंही नसेल.

"कैसी गाडी थी?" ठाण्यातल्या माणसानं विचारलं.

"भाजीकी," म्हातारा म्हणाला. "खाली क्रेट बजते जा रहे थे."

त्या वेळी त्या रस्त्यानं आदिलाबादला माल उतरवून रिकामे क्रेट घेऊन परतणाऱ्या भाजीच्या गाड्या बऱ्याच असतात. त्यांतल्या कितीतरींचे दिवे भाऊंच्या दुकानातले. दोन गाड्या त्यांच्या भाच्यांच्या.

तेराव्याला बहिणी आल्या त्या त्याच दोन पिकअपमधून. मागे हौद्यात सतरंजी टाकून घरची सगळी माणसं बसलेली. गाड्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. बायका आत गेल्या, रडणं सुरू झालं. भाऊ बाहेरच राहिले. मी ओट्यावर पाण्याचा हंडा घेऊन उभी होते. ते दोन्ही गाड्यांच्या मधे उभे होते आणि एकदा या गाडीच्या दिव्यांकडे, एकदा त्या गाडीच्या दिव्यांकडे बघत होते. दोन्ही भाचे जवळच, खाली मान घालून. थोरली त्यांना न्यायला बाहेर आली.

"दादा, काय पाहून राह्यला इथं?"

"काई नाई. काचेवर धूळ हाये."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि एकेका दिव्याची काच पुसली. थोरलीच्या मुलाच्या गाडीची, मग मधलीच्या मुलाच्या. बंपरवरचे गोल फोकसही पुसले. मग आत गेले.

वहिनींनी पुढे एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हटलं, "एकदा इचारा तरी त्या दोघाइले. त्या दिवशी कुठं होते म्हना."

भाऊ म्हणाले, "इचारून काय करू? हाव म्हनला, तं भाचा गेला. नाई म्हनला, तं खोटं बोलून राह्यला असं वाटन. अन् दुसराच कोणी असला, तरी दिवे माह्याच दुकानातले असतीन."

त्यानंतर त्यांनी साठाच्या वरचा बल्ब विकणं बंद केलं. होते ते पोत्यात भरून माळ्यावर टाकले. गिऱ्हाईक यायचं, मागायचं, आणि समोरच्या वळणावरच्या दुसऱ्या दुकानात जायचं. भाऊ आता कुणालाही वॅट म्हणजे काय ते सांगत नसत. साडूचा किस्सा तर मी पुन्हा ऐकलाच नाही. "साठ हाये. पायजे तं घ्या," एवढंच.

ते दोन्ही भाच्यांकडे जाऊन आले. जाताना साठाचे बल्ब आणि पेचकस पिशवीत घेऊन गेले, संध्याकाळी ती पिशवी तशीच घेऊन परत आले. काय झालं ते त्यांनी ओट्यावर बसून सांगितलं, मला की वहिनींना की स्वतःलाच, कळत नव्हतं.

"थोरलीचं पोरगं म्हंते, मामा, मी आज काढून देतो. पण समोरून येणारे सारे लावून येतेत. माहे साठचे राह्यले तं मलेच काई दिसत नाई. मीच मरीन. समोरच्याले काढाले लावा, मी पह्यले काढतो."

"मग?"

"मंग काय. समोरचाही हेच म्हंते. खोटं कोणीच नाई बोलत, बाई."

असं त्यांचं वर्ष गेलं. भिंतीवरची खडूची रेघ पावसानं पुसली, ती त्यांनी पुन्हा मारली नाही. भिंतीपुढे उभी करायला गाडीच येत नव्हती.

मग धाकटी आली. सुमन. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा, दुसऱ्यांच्या गाड्या चालवून चालवून त्यानं आता स्वतःचा पिकअप ठरवला होता. अक्षय तृतीयेला गाडी घरी येणार होती. तिनं भावाला आणि वहिनीला रीतसर कुंकू लावून बोलावलं. नितीनच्या मृत्यूनंतर त्या घरात कुणी बोलावणं घेऊन येण्याची ती पहिलीच वेळ. सुमन भीतभीतच बोलत होती.

"दादा, तुले जमत नसंन तं नको आणू काई. तू ये फक्त."

"आणतो ना. मामा हाव मी."

ती नजर खाली ठेवूनच म्हणाली, "ते घाटाचा रस्ता हाये. जंगल हाये. एकच पोरगं हाये मले. त्याले नीट दिसलं पायजे."

"दिसन. मी देतो तसे दिवे."

"अन् दादा… त्या दोघीच्या पोराइपेक्षा कमी दिसाले नको. लोकं म्हनतीन, बिनबापाचं पोरगं हाये म्हनून मामानं…"

भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचे काही दिवस दुकानात पुन्हा काम दिसलं. त्यांनी साठाचेच बल्ब घेतले. पण आदिलाबादहून नवे परावर्तक, म्हणजे दिव्यातले आरसे, आणले, जाड तार आणली, प्रत्येक दिव्याला वेगळा रिले, वेगळा फ्यूज. जोडणी लाकडी पाटावर मांडून ब्याटरीला लावून बघितली. मला बोलावलं. दुपारी दुकानाचं शटर खाली ओढून अंधार केला आणि मागच्या भिंतीवर झोत पाडला. पिवळसर, रुंद, शांत उजेड. भिंतीवरच्या खिळ्याची सावलीसुद्धा रेखीव पडली होती.

"शंभरवाल्यानं याच्यापेक्षा काय जास्त दाखवलं असतं, बाई?"

"काहीच नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

"सुमनले समजन. ते पोरगं समजदार हाये. एक गाडी तरी त्या रस्त्यानं नीट जाईन." वहिनी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्या वर्षात भाऊंच्या तोंडून पुढच्या दिवसाविषयी निघालेलं हे एकच वाक्य.

त्यानंतर त्यांना मी एकदाच भेटले. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी मला किनवटला आईकडे निघायचं होतं, आणि सुट्टी संपायच्या आत भाऊ गेले. झोपेत गेले. वहिनींनी फोनवर एवढंच सांगितलं. म्हणून अक्षय तृतीयेची ती संध्याकाळ मला पुन्हा पुन्हा आठवते.

मी सामान बांधून ओट्यावर बसले होते. वहिनी नणंदेकडेच दोन दिवस राहणार होत्या. भाऊ मात्र दुकानासाठी परत येणार होते, भाचा सोडायला येणार होता. अंधार नुकता पडला होता. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि सगळी गल्ली पांढरी झाली. भिंती, तुळशीचं वृंदावन, वाळत घातलेले कपडे, सगळं पांढरं. टपावर दिव्यांची लांब पट्टी, बंपरवर गोल फोकस, मधे कुठेतरी भाऊंनी बसवलेले दोन दिवे असतील. ते वेगळे ओळखू येत नव्हते. चुलत्यांनी, मित्रांनी, मावसभावांनी आपापला आहेर केला होता. कुणाला नाही म्हणणार?

मी तोंड फिरवलं. दार उघडल्याचा आवाज आला.

"मामा, थांबा, उतरताना पायरी हाये. लाईट चालूच ठेवतो," भाच्याचा आवाज. खरोखर काळजीचा आवाज होता. "दिसून राह्यलं का बरोबर?"

"दिसते, दिसते."

"कसे वाटले दिवे, मामा? तुमचेबी हायेत, काढले नाई. आईनं काढू नाई देले."

इंजिन घरघरत राहिलं.

"चांगले हायेत," भाऊ म्हणाले. "लय चांगला उजेड हाये."

मी पुन्हा त्या बाजूला बघायचा प्रयत्न केला. झोतातून एक काळी आकृती माझ्याकडे येत होती. डोक्यावर आहेरात मिळालेली टोपी, हातात नारळाची पिशवी, एवढंच कडांवरून कळत होतं. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. ओट्याजवळ ती थांबली.

"झाला का कार्यक्रम, भाऊ?"

"झाला. सुमन लय खूश हाये," ते म्हणाले. "तुमी उद्या जाता ना, बाई? सावकाश जा."

आणि ते दार उघडून आत गेले. ते कडी लावेपर्यंत भाच्यानं दिवे तसेच धरून ठेवले होते.